रुखवतात मांडलेला डेस्कटॉप

"मॅडम, नारळाला धक्का लावू नका. त्याची नथ पडंल."

नवरीच्या मावशी वरून सांगत होत्या आणि मी टेबलाखाली होते. अंगावर रेशमी साडी, दातांत स्क्रू, हातात मोबाइलचा टॉर्च. वर टेबलावर चकल्यांचा मनोरा, करंज्यांची बैलगाडी, नऊवारी नेसवलेला नारळ आणि या सगळ्यांच्या मधोमध काचेच्या बाजूचा एक डेस्कटॉप कॉम्प्युटर. बाकी सगळं झोकात उभं होतं. एकटा कॉम्प्युटर काम करत नव्हता, आणि तो जोडून दिला होता मी.

पिशोरचं मंगल कार्यालय. बाहेर बँड सुरू झाला होता, म्हणजे नवरदेव निघाला होता. वरपक्षाच्या बायका आल्या की आधी रुखवत बघणार. तेव्हा हा कॉम्प्युटर बंद दिसला असता तर एका पोरीचं चांगलं चाललेलं काम कायमचं सुटणार होतं. ते कसं, ते आधी सांगते.

शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान आहे. असेंब्ली म्हणजे सुटे पार्ट आणायचे आणि गिऱ्हाइकाला हवा तसा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. इतकी वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आत येतं, इकडंतिकडं बघतं आणि विचारतं, "भाऊ कुठं गेले?" मी म्हणते, "भाऊ नाहीत. मीच आहे. काय बिघडलंय ते बोला." मग लोक म्हणतात, बाई तिरसट आहे. असेल बुवा.

प्रणिता माझी जुनी गिऱ्हाईक. मूळची पिशोरची, शहरात खोली घेऊन राहायची आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. फोटोग्राफर लोक शूटिंग करून देतात, त्यातलं नको ते कापून, हवं ते जोडून, गाणी लावून ही पिक्चर तयार करून द्यायची. कामाला चोख. एक दिवस आली आणि म्हणाली, "ताई, मला एक्स्टेन्शन केबल बसवायच्यात."

मी कपाळावर हात मारला.

कॉम्प्युटरच्या तळाला एक लोखंडी डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या पार्टना सोसेल एवढी करून वाटायची, हे त्याचं काम. त्यातून काळ्या वायरींचे जुडगे निघतात. एक जाडा मदरबोर्डला, म्हणजे सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात त्या पाटीला जातो, एक विचार करणाऱ्या प्रोसेसरला, एक चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डला. आता कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या खोक्याला, काचेची बाजू आली आणि लोकांना त्या काळ्या वायरी दिसायला लागल्या. मग निघाली एक्स्टेन्शन केबल. काळ्या वायरीच्या टोकाला रंगीत तुकडा जोडायचा. काळं पाठीमागं लपतं, काचेतून रंगीत तेवढं दिसतं. वेग वाढत नाही, वीज वाचत नाही. वायरींना साडी नेसवायची, एवढंच.

मी म्हटलं, "याचा कॉम्प्युटरला काडीचा उपयोग नाही."

"कॉम्प्युटरला नाही, मला आहे," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चितेगावला एका कंपनीत, तिथंच घर. माणसं चांगली. पण बोलणी चालू असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरात लॅपटॉप हाय की. एवढं मोठं खोकं कशाला आणता? ठेवायला जागा नाय. माहेरीच राहू द्या." आता तो लॅपटॉप कसला, तर त्याच्यावर दोन फोटो उघडले तरी त्याचा पंखा रडायला लागतो. त्याच्यावर कसलं आलंय एडिटिंग. कॉम्प्युटर पिशोरला राहिला की हिचं काम पिशोरला राहिलं.

"मुलगा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मी बोलतो आईशी. कधीपासून बोलतोच आहे." बोलता बोलता तिनं तोंड फिरवलं. असं कुणी समोर बसलं की स्वतःचंच मन घट्ट करायला मी पुसलेलं काउंटर परत पुसते. ते मी पुसलं.

तोडगा काढला होता तिच्या मावशीनं. मावशी म्हणजे पिशोरमधलं रुखवताचं मोठं प्रस्थ. गावात कुणाचंही लग्न असो, मांडणी मावशीची. त्यांचं म्हणणं असं, की रुखवतात मांडलेली वस्तू नवरीबरोबर जातेच. ती परत धाडली असं कधी कुणी ऐकलंय? तेव्हा कॉम्प्युटर रुखवतात मांडायचा. फक्त तो रुखवतासारखा दिसला पाहिजे आणि त्यात नवरीच्या हातचं काहीतरी पाहिजे.

"म्हणून केबल हळदी रंगाच्या आणि कुंकवाच्या रंगाच्या," प्रणिता म्हणाली. "आणि बसवणार मी. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा."

मी पोट धरून हसले आणि केबल मागवल्या. जिनं हे डोकं चालवलं तिला मला बघायचं होतं.

केबल आल्या त्या दिवशी मावशीही दुकानात आल्या. पाठीवर लांबलचक वेणी, वेणीत अबोलीचा गजरा, आणि नजर अशी की काउंटरवरचा स्क्रूसुद्धा सरळ व्हावा. स्टुलावर बसल्या आणि बघत राहिल्या.

मी प्रणिताला सांगत गेले, ती करत गेली. आधी प्लग काढायचा. मग पॉवरचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज असेल ती निघून जाते. कॅबिनेट आडवं करायचं. काच काढायची, पाठीमागचं पत्र्याचं पॅनेल काढायचं. मदरबोर्डचा जाडा प्लग सोडवताना क्लिप दाबून सरळ वर ओढायचा, वायरीला धरून ओढायचं नाही.

"प्रोसेसरचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डचा प्लग लांबून सारखेच दिसतात," मी तिला सांगितलं. "पण खाचा वेगळ्या आहेत. बरोबर असलं तर अलगद जातं. जात नसलं तर आपण चुकतोय. जोर लावायचा नाही. जोर लावणाऱ्यांचे मदरबोर्ड माझ्याकडं जळून येतात."

"आणि नीट बसलं हे कसं कळणार?"

"टक असा आवाज येतो. टक नाही तर काम झालं नाही."

तिनं एकेक जोड लावला आणि प्रत्येक टकला माझ्याकडं बघून हसली. रंगीत वायरी समोरून बारीक फण्यांमध्ये बसवून सरळ केल्या. काच लावली. खरं सांगायचं तर दिसत होतं सुंदर. पिवळा, लाल, पिवळा, लाल, एकेक तार मोजून घ्यावी अशी.

मावशी उठल्या आणि कॅबिनेटच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. तिथं काळ्या वायरी, रंगीत वायरींची शेपटं, त्यांचे जोड आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या असा सगळा गुंता होता. एक्स्टेन्शन लावलं की पाठीमागं असंच होतं, कारण वायर दुप्पट लांब होते आणि ती कुठंतरी कोंबावीच लागते. पॅनेल मी गुडघा टेकवून बसवलं.

"हे असंच राहणार व्हय?" मावशींनी विचारलं.

"मागचं कुणी बघत नाही, मावशी."

"बघत नाय व्हय," त्या म्हणाल्या आणि नवशिक्या सुनेकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. मला ते आवडलं नाही. कॉम्प्युटर चालू करून दाखवला, झकास चालला, आणि दोघी तो गोधडीत गुंडाळून गाडीतून घेऊन गेल्या.

तर आता परत मंगल कार्यालय. मी आले होते जेवायला. हातात पाकीट, पायात चांगली चप्पल. दारातच मावशींनी गाठलं आणि दंडाला धरून रुखवताच्या खोलीत नेलं. "मॅडम, ते बघा जरा. पेटतंय पण दिसत नाय."

बटण दाबलं. पंखे फिरले, आतले लाइट लागले. भोवती जमलेल्या बायका म्हणाल्या, "लागलं की." पण स्क्रीन काळा ठिक्कर.

मी टेबलाखाली जाऊन विजेचा बोर्ड बघितला. साउंडवाले सलीमभाई वाकून म्हणाले, "मॅडम, मेरी लाइन बराबर है. तुम्हारा डब्बाच खराब है." त्यांच्याकडं एक कटाक्ष टाकला आणि बाहेर आले. मॉनिटरची वायर बघितली, घट्ट होती. वीज बंद करून काच उघडली, रॅमची पट्टी काढून पुसून परत बसवली, चालू केलं, तरी तेच.

पंखे फिरतात पण चित्र येत नाही, तेव्हा बरेचदा प्रोसेसरला वीज पोचत नसते. मदरबोर्डला वीज आहे, म्हणून पंखे फिरतात. पण विचार करणारा पार्ट उपाशी आहे. काचेतून बघितलं तर प्रोसेसरच्या बाजूचा प्लग व्यवस्थित बसलेला. म्हणजे घोळ पाठीमागच्या जोडात. मी कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, कॅबिनेट टेबलावरून फरशीवर घेतलं आणि म्हटलं, "मागचं पॅनेल खोलते."

मावशींनी पुढं होऊन पॅनेलवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ते राहू द्या. तिकडं सगळं बरोबर हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच केलंय ना."

मी लगेच पॅनेल काढलं.

आत वेणी होती. तीन पेडांची, घट्ट, चापूनचोपून घातलेली वेणी. एक पेड जाडा, दोन बारीक, मधून लाल रिबीन ओवलेली, आणि शेवटी गोंडा. कॉम्प्युटरच्या धंद्यात मी जळलेले बोर्ड पाहिलेत, आत पाल मेलेली पाहिलीय, एकदा पॉवर सप्लायमध्ये जपून ठेवलेल्या बडीशेपेच्या पुड्या पाहिल्यात. गोंडा पहिल्यांदाच बघत होते.

"मावशी," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"वरपक्षाची बाई रुखवत समोरनं बघत नाय," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "भरतकाम असलं की पहिलं उलटं करती. मागं गाठी दिसल्या की झालं, पोरगी गबाळी. तुम्ही मागं सगळ्या झिंज्या मोकळ्या ठेवल्या व्हत्या. लग्नाच्या दिवशी अशा झिंज्या मांडू व्हय मी?"

"पण वेणी घातली कशी? टोकं तर जोडलेली होती."

"सोडली. प्रणीनं दाबून सोडवलं तसंच. मग वेणी घातली अन् परत लावली. दोन लागली. तिसरं जरा पुरंना, मग तसंच टेकवून ठिवलं."

पुरणार कसं? वेणी घातली की लांबी कमी होते, हे या बाईला मी सांगायचं? जन्मभर लांब केस सांभाळलेली बाई. पण केस कुठं जोडायचे नसतात, त्यामुळं आखूड झाल्याचं काही वाटत नाही. इथं प्रोसेसरची वायर बोटभर कमी पडली आणि दोन प्लग एकमेकांना नुसते टेकून राहिले. नशीब की काही जळलं नाही. मला राग आला होता. पण वेणी इतकी देखणी होती की सोडताना माझाच हात थबकला. मावशींनीच ती सोडली, झरझर, आणि तोंडानं म्हणत राहिल्या, "माझ्यामुळं पोरीचं वाटोळं व्हतंय."

तेवढ्यात विहीणबाई आल्या, प्रणिताच्या सासू.

उंच, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांच्यामागं सात-आठ बायका. त्यांनी चकल्यांकडं बघितलं, नारळाकडं बघितलं आणि मग रेशमी साडीत फरशीवर मांडी घालून बसलेल्या माझ्याकडं बघितलं.

"हे काय उघडून बसलाय?"

"काय नाय, विहीणबाई," मावशी म्हणाल्या, "जरा हवा लागू देतोय."

"बंद पडलंय?" हा प्रश्न मला होता.

"एक वायर निसटलीय. आत्ता लावते," मी म्हटलं.

विहीणबाईंनी टेबलावरची पाटी वाचली. तिच्यावर मावशींनी थर्माकोलच्या अक्षरांत लिहिलं होतं, नवरीच्या हातचं. "हे नवरीच्या हातचं?"

"या सगळ्या रंगीत वायरी तिनं बसवल्यात. माझ्यासमोर."

"मग तुम्ही कशाला घाम गाळताय? जिच्या हातचं, तिला बोलवा. आमच्याकडं आल्यावर बिघडलं, तर दरवेळी तुम्हाला शहरातनं आणायचं व्हय?"

खरं तर प्रश्न रास्त होता. पण मावशींचा चेहरा उतरला आणि माझाही. वायर आता जिथं होती तिथं हात घालणं मलाच जड गेलं असतं. बाकीचे दोन जोड मी परत लावले होते, पण वेणी सुटल्यावर पॉवर सप्लायकडचं काळं टोक घसरून खालच्या कप्प्यात गेलं होतं, आणि त्या कप्प्याचं तोंड अरुंद.

प्रणिता आली. शालू, मुंडावळ्या, कोपरापर्यंत मेंदी. कुणी काही सांगायच्या आत तिनं उघडा कॉम्प्युटर बघितला, सासूबाईंना बघितलं आणि तिला सगळं समजलं. शालू सावरून गुडघ्यावर बसली. बाहेर माइकवर भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

"प्रोसेसरचा जोड," मी हळूच सांगितलं. "काळं टोक खालच्या कप्प्यात."

तिनं हात घातला. तो मनगटापाशी अडकला. हिरवा चुडा पत्र्याच्या कडेवर खणखणला आणि थांबला. परत घातला, परत अडकला. डाव्या हातानं बघितलं, तिथंही तेवढ्याच बांगड्या.

"चुडा उतरवायचा नाय हं," मागून कुणीतरी म्हणालं. "मुहूर्ताला तर नायच."

"मुलीचे मामा," माइक म्हणाला, "मुलीला लवकर आणा."

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं माखलेल्या हातानं पुसताही येईना. मी म्हटलं, "सरक, मी घालते हात."

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि चांगली साडी नेसलेली असताना सरळ खाली बसल्या. प्रणिताचा उजवा हात आपल्या हातात घेतला. एकेक बांगडी अलगद वर सरकवली, कासाराच्या सफाईनं, एकही न पिचवता. सगळा चुडा कोपराजवळ गोळा केला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ठेवला.

"आता घाल," त्या म्हणाल्या. "घाई करू नको. मी धरलंय."

प्रणिताचा हात आत गेला. जरा वेळ ती आत चाचपडत राहिली. मग रंगीत टोक काळ्या टोकाला मिळालं. टक. बाकीच्यांना बँड ऐकू येत असेल, मला फक्त ते टक ऐकू आलं आणि हुश्श वाटलं.

मी मॉनिटरची वायर आणि प्लग लावला. बटण तिनंच दाबलं. स्क्रीन उजळला, तिनं माउसनं फाइल उघडली आणि तिचं एडिटिंगचं अर्धवट काम समोर आलं, तिच्याच साखरपुड्याचा व्हिडिओ. वर चित्र, खाली रंगीत पट्ट्यांचे ढीगभर तुकडे. विहीणबाईंनी चष्मा नीट केला.

"या पट्ट्या कशाच्या?"

"शूटिंगचे तुकडे आहेत, आई. कापून जोडायचे असतात."

"सगळे तू जोडती?"

"हो."

"अन् हे आपल्या लॅपटॉपवर व्हत नाय?"

"त्याचा जीव लहान आहे. तो बंद पडतो. मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्हाला सांगा म्हणून."

"तो?" विहीणबाई म्हणाल्या. "जेवायला काय करू विचारलं तरी त्याला उत्तर द्यायला सांज व्हती. मला वाटलं, तुझ्या हौसेचं खेळणं हाय." त्यांनी परत स्क्रीनकडं बघितलं. तिथं त्या स्वतः, साखरपुड्यात, कुणालातरी साखर भरवत होत्या. मग उठल्या, साडी झटकली, पिशवी घेतली आणि बरोबरच्या बायकांना म्हणाल्या, "मागल्या खोलीतली गव्हाची कोठी हलवावी लागंल."

मावशींनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

माइकवर भटजींचा आवाज चढला होता. मामा पळतच आले आणि नवरीला घेऊन गेले. मंगलाष्टकं मी दारातूनच ऐकली, कारण मला पॅनेल लावायचं होतं. मावशी शेजारी उभ्या होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मॅडम, सैल घातली असती वेणी, तर चाललं असतं का?"

"मावशी, जेवायला चला," मी म्हटलं.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. एक्स्टेन्शन केबल बसवल्या की पाठीमागच्या पॅनेलवर पट्टी चिकटवते. तिच्यावर ठळक मराठीत लिहिते, उघडू नये. प्रणिताच्या कॉम्प्युटरवर ती मी त्याच दिवशी लावली, कार्यालयात, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी बसून.

लग्नानंतर काही दिवसांनी दुकानात फोन आला. विहीणबाई.

"मॅडम, ते खोकं लई धूळ खातंय. सून आत कामाला बसली की तिला उठवायचं माझ्या जिवावर येतं. आत्ता ती बाहेर गेलीय, तवर मीच पुसून ठिवते. कसं पुसायचं?"

"प्लग काढायचा. कोरड्या ब्रशनं पुसायचं. फडकं ओलं नको. आणि पाठीमागं पट्टी लावलीय बघा, ते पॅनेल अजिबात..."

"ते उघडलंय मी," त्या म्हणाल्या. "फुडं बोला."

पट्टी लावून बायका थांबतील, असं मला वाटलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले, कुठली वायर कुठं जाते ते.